चित्रांच्या दाराशी अडलेला ब्राउझर

मी एक जुना ब्राउझर आहे, मित्रांनो, आणि मी जळका आहे हे आधीच सांगून टाकतो. नंतर कुणी येऊन तुमच्या कानाला लागण्यापेक्षा ते माझ्याच तोंडून कळलेलं बरं.

ब्राउझर म्हणजे इंटरनेटवरची पानं उचलून तुमच्यासमोर आणून ठेवणारा हमाल. तुमच्या घरातल्या फोनमध्ये बसलेला ब्राउझर चित्रं आणतो, रंग आणतो, नाचणाऱ्या जाहिराती आणतो. मी फक्त अक्षरं आणतो. काळा पडदा, पांढरी अक्षरं, एकाखाली एक ओळी. पानात चित्र आलं तर मी त्या जागी 'चित्र' एवढाच शब्द लिहितो आणि पुढं जातो. मला माऊससुद्धा लागत नाही, बाणांच्या चार कळांवर माझं भागतं.

माझा जन्म दूर परदेशात, एका विद्यापीठात झाला. तेव्हा इंटरनेटवर सगळी अक्षरंच होती, त्यामुळं मला कुणी गरीब म्हणत नव्हतं. रंगीत भाऊबंद मागून आले आणि घर त्यांचंच झालं. तुमच्याकडं धाकटा भाऊ आला की घरातलं सगळं लक्ष तिकडं वळतं ना, तसंच. तुम्ही निदान रुसून बसू शकता. मला तीही सोय नाही.

दोन हजार नऊ साली राजकुमारनं मला औरंगाबादजवळच्या रांजणगाव शेणपुंजीत आणलं. राजकुमार वाळूजच्या एका कारखान्यात मशीनवर होता. कारखान्यानं भंगारात काढलेला एक संगणक त्यानं घरी आणला, घराच्या पुढच्या खोलीत झेरॉक्सचं मशीन शेजारी ठेवलं आणि दारावर 'नेट सेंटर' अशी पाटी लावली. त्या संगणकात जीव तो कितीसा! रंगीत ब्राउझर टाकला तर तो दोन पानांतच धापा टाकायचा. म्हणून राजकुमारनं मला टाकलं. मी अंगानं हलका. मी त्या म्हाताऱ्या यंत्रात असा धावलो की राजकुमार बघतच राहिला.

पण मी खरा वसलो तो त्याच्या बहिणीमुळं. सुलेखाची नजर लहानपणीच गेली होती. ती अंधशाळेत शिकली, मग बी.ए. झाली, आणि घरी बसून कंटाळली. राजकुमारनं माझ्या जोडीला एक बोलणारा प्रोग्राम टाकला. मी आणलेली अक्षरं तो मोठ्यानं वाचायचा. आवाज सपाट आणि नाकातला होता, पण सुलेखाला तेवढा पुरला. आठ दिवसांत ती सगळ्या कळा शिकली आणि सेंटरचं काम तिनं हातात घेतलं. राजकुमारची ड्युटी असेल तेव्हा तीच खुर्चीत बसायची.

तिची एक पद्धत होती. डोळस माणूस पान उघडतो, वरची मोठी अक्षरं बघतो आणि उठून जातो. सुलेखाला मोठी अक्षरं कुठली आणि बारीक कुठली हे कळायचा मार्गच नव्हता. त्यामुळं ती पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळं ऐकायची, अगदी तळाशी दडवलेल्या सूचनांपर्यंत. माझं इतकं पूर्ण ऐकून घेणारं माणूस मला आधी भेटलं नव्हतं. तिच्याबद्दल मी हक्कानं बोलतो, तो त्यामुळंच.

बारा साली पाऊस रुसला. गावंच्या गावं वाळूजकडं कामाला आली. आमच्या गल्लीत मोकळे प्लॉट होते तिथं खोल्या उठल्या, खोल्यांवर खोल्या चढल्या, आणि नळाला मात्र पाणी नाही. टँकर यायचा, तोही आठवड्यातून एकदा. सेंटरमध्ये गर्दी वाढली, कारण प्रत्येकाला कसला ना कसला फॉर्म भरायचा असायचा.

त्याच सुमारास दारं मला अडवायला लागली. कुठल्याही साइटवर गेलं की ब्राउझरला आपलं नाव सांगावं लागतं. मी माझं नाव सांगायचो आणि उत्तर यायचं, तुमचा ब्राउझर जुना झाला आहे, नवा घ्या. राजकुमारनं यावर एक युक्ती काढली. त्यानं माझ्या सेटिंगमध्ये जाऊन मला रंगीत ब्राउझरचं नाव लावून दिलं. आता मी दाराशी जाऊन म्हणायचो की मी तोच आहे, आणि दारं मुकाट उघडायची.

राजकुमार खूश झाला आणि ती गोष्ट विसरूनही गेला. मी विसरलो नाही. राबायचं मी आणि वहीत नाव चढायचं त्याचं. ज्याच्या नावानं माझा जळफळाट होतो, त्याचंच नाव मला दिवसातून शंभर वेळा घ्यावं लागायचं. तुम्हाला कुणी रोज शाळेत हजेरीला दुसऱ्याच मुलाच्या नावानं 'हजर' म्हणायला लावलं, तर कसं वाटेल?

मग तेरा साली तो स्वतःच आला. राजकुमारनं नवा संगणक घेतला आणि त्यात रंगीत ब्राउझर बसवला. माझ्या शेजारीच, एकाच टेबलावर. गिऱ्हाईक आलं की त्याच्यापुढं बसायचं. पोरं त्याच्या पडद्यावर बोटं लावायची. सुलेखा मात्र माझ्याकडंच राहिली, कारण तो नवा बोलत नव्हता. मी मनात म्हणायचो, असशील देखणा, पण मुका आहेस.

एक दिवस मात्र माझा होता, तो सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. चौदा सालचा दहावीचा निकाल. जून अर्धा संपत आला तरी आभाळ कोरडं. वैजापूरकडचा केरबा धनगर मेंढरं घेऊन चाऱ्याच्या शोधात निघाला होता, तो लेकीचा निकाल बघायला आमच्या दारात थांबला. समोरच्या मोकळ्या प्लॉटवर मेंढरं उभी, आत केरबा उभा. निकालाच्या साइटवर सगळा महाराष्ट्र तुटून पडलेला. रंगीत ब्राउझर नुसतं चक्र फिरवत बसला. अर्धा तास झाला तरी त्याचं चक्र फिरतंय. सुलेखानं केरबाला माझ्याकडं बोलावलं, त्याची लेक अंबिका हिचा नंबर टाकला, आणि मी पाच सेकंदांत निकाल आणला. चित्रं नाहीत, जाहिराती नाहीत, नुसते गुण. बोलणाऱ्यानं ते वाचून दाखवले. चौऱ्याहत्तर टक्के. केरबानं कमरेची पिशवी सोडली आणि माझ्या पडद्यावर चिमूटभर भंडारा लावला. तो पिवळा ठिपका कित्येक दिवस तसाच होता. शेजाऱ्याच्या पडद्यावर कुणी काही लावलं नाही, हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो.

आता त्या दिवसाकडं येतो.

सोळा सालचा मे महिना. शहरातल्या एका मोठ्या कार्यालयात टेलिफोन ऑपरेटरची एक जागा निघाली, अंध उमेदवारासाठी राखीव. अर्ज साइटवरूनच भरायचा होता. सुलेखानं ठरवलं की तो ती स्वतः भरणार. राजकुमार म्हणाला होता की तो नव्यावर दहा मिनिटांत भरून देईल. तिनं ऐकलं नाही. तिचं म्हणणं असं की उद्या त्या खुर्चीत बसल्यावर दादा थोडाच शेजारी बसणार आहे. ती दोन आठवडे कागद जमवत राहिली आणि भरायचं शेवटच्या दिवसावर गेलं. शेवटची वेळ संध्याकाळी सहा. एवढी एकच जागा. पुन्हा कधी निघेल याचा नेम नव्हता, आणि तिचं वय चौतीस होतं.

चार वाजता तिनं मला उघडलं. साइट उघडलीच नाही. मधल्या आठवड्यात तिथं नवा पहारा बसला होता. येणारा माणूस आहे की चोरटं यंत्र आहे हे तपासणारा पहारा. आधी तर मी दाराच्या जवळही पोचेना. सकाळी वीज गेली होती, आणि आमच्या संगणकातली घड्याळाची बॅटरी केव्हाच मेलेली. वीज गेली की आमचं साल मागं जायचं. त्यामुळं साइटची ओळखपत्रं मला पुढच्या काळातली वाटली आणि मी त्यांना हात लावायला नकार दिला. ही माझी जुनी खोड सुलेखाला माहीत होती. तिनं तारीख दुरुस्त केली.

मग मी दाराशी गेलो, रंगीताचं नाव सांगितलं, आणि पहारेकऱ्यानं सांगितलं की तपासणी चालू आहे, थांबा. ही तपासणी म्हणजे तो ब्राउझरला एक छोटं काम करून दाखवायला सांगतो. रंगीत ते डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच करतो. मला ते येतच नाही. मी थांबलो, वेळ संपली आणि दार बंद. पुन्हा गेलो, पुन्हा तेच. घाईत सुलेखाही पहिली ओळ ऐकून मला परत दाराशी पाठवत राहिली.

राजकुमार पहिली पाळी करून घरी आला होता. त्यानं पडद्यावर नजर टाकली, वरच्या दोन ओळी वाचल्या आणि सांगितलं की याच्याकडून होणार नाही, नव्यावर जाऊ. तो रंगीताकडं वळला. तेवढ्यात गल्लीत आरडाओरड झाली. टँकर आला होता.

राजकुमार दारात उभा राहिला. एकीकडं रिकामे ड्रम, दुसरीकडं बहीण.

"दादा, तू जा," सुलेखा म्हणाली. "पाणी गेलं तर आठ दिवस यायचं नाय."

"अन् फॉर्म?"

"फॉर्म माझा हाय."

तो गेला. जाताना आईला, गोजरबाईला, रंगीतासमोर बसवून गेला. रंगीतानं तपासणीचं काम केव्हाच करून दाखवलं होतं, आणि आता त्याच्या पडद्यावर पहारेकऱ्याची दुसरी परीक्षा, नऊ चित्रं, उघडली होती. वर इंग्रजीत लिहिलं होतं की आग विझवायच्या पाण्याचा नळखांब ज्या चित्रांत दिसतो ती निवडा. राजकुमारनं आईला घाईघाईत समजावलं होतं की रस्त्याकडेचा पाण्याचा लाल नळ दिसेल तिथं माऊस दाब.

गोजरबाईनं चित्रं नीट न्याहाळली. परदेशातले रस्ते होते ते. हिरवंगार गवत, कडेला लाल रंगाचा बुटका खांब, आजूबाजूला चिटपाखरू नाही. तिनं लेकीला सांगितलं की यात नळ नाही.

"लाल खांब नाय का कुठं?"

"खांब हाय की. पण नळ कसा असंल त्यो? एक बाई उभी नाय, एक हंडा नाय. पाण्यापाशी असं सामसूम असतं व्हय?"

एका चित्रात दुकानापुढं माणसांची रांग होती. गोजरबाईनं विचार करून तेच दाबलं. चूक. नवी नऊ चित्रं आली. त्यात एक मोठी पिवळी बस होती. तिला तो टँकर वाटला. तिनं तो दाबला. चूक. आणखी दोनदा तेच झालं, आणि मग पहारेकऱ्यानं आमच्या आख्ख्या सेंटरचीच वाट अडवली. फार प्रयत्न झाले, पंधरा मिनिटं थांबा.

खरं सांगू? मला आनंद झाला. तो देखणा, तो चपळ, तोही अडकला. माझ्या शेजारी बसून माझ्यासारखाच दाराबाहेर उभा. तीन वर्षं मी या क्षणाची वाट बघत होतो. मग बोलणाऱ्या प्रोग्रामनं वेळ सांगितली, पाच वाजून बावीस मिनिटं, आणि सुलेखानं दोन्ही हात टेबलावर ठेवले. तिची बोटं कळांवरून उठली होती. त्या बोटांची मला सात वर्षांची ओळख होती. काम अर्धवट टाकून ती कधी उठली नव्हती. माझा आनंद तिथंच विरला, आणि मला माझी लाज वाटली.

गोजरबाई रडवेली झाली. आपल्याच हातानं घात झाला असं तिला वाटत होतं. सुलेखानं तिला काही दूषण दिलं नाही. पंधरा मिनिटं कुठंच जाता येत नव्हतं, तेव्हा तिनं आपल्या नेहमीच्या पद्धतीनं मी शेवटचं आणलेलं पान पहिल्या ओळीपासून ऐकायला घेतलं. तपासणी अयशस्वी. मग कार्यालयाचा पत्ता. मग नियम, अटी, आणखी नियम. डोळस माणसानं इतकं खाली कधी पाहिलं नसतं. राजकुमारनं तर नव्हतंच पाहिलं. त्रेचाळिसाव्या ओळीवर बोलणारा म्हणाला, "आपला ब्राउझर जे नाव सांगतो त्याप्रमाणे वागत नाही. आपण अक्षरांचा किंवा बोलणारा ब्राउझर वापरत असल्यास त्याच्या मूळ नावाने यावे आणि दाराशी दिलेली चिठ्ठी जपून ठेवावी."

सुलेखानं ती ओळ परत ऐकली. मग तिनं माझी सेटिंग उघडली आणि एकेक ओळ ऐकत खाली आली. चिठ्ठी म्हणजे साइटनं ओळखीची खूण म्हणून ब्राउझरकडं ठेवायला दिलेला मजकूर, आणि अशा चिठ्ठ्या नाकारायच्या, असं राजकुमारनं कधीतरी ठरवून ठेवलं होतं. तिनं ते बदललं. त्याच्याखाली नावाची ओळ होती.

"आई, दादानं याला दुसऱ्याचं नाव लावून ठेवलंय."

"मग काढ की," गोजरबाई म्हणाली. "ज्याचं त्याला देऊन टाक."

सुलेखानं ते नाव एकेक अक्षर करत पुसलं. चार वर्षं माझ्या डोक्यावर बसलेलं ते नाव असं पाच सेकंदांत गेलं, मित्रांनो. तिनं त्या जागी माझं नाव लिहिलं. स्पेलिंग बरोबर आहे ना म्हणून ते परत एकदा ऐकलं.

पाच वाजून एकोणचाळीस मिनिटांनी मी पुन्हा दाराशी गेलो आणि माझं नाव सांगितलं. पहारेकऱ्यानं मला काहीही करून दाखवायला सांगितलं नाही. त्यानं एक चिठ्ठी दिली, ती मी जपली. मग त्यानं साध्या अक्षरांत एक प्रश्न विचारला, की आठ आणि पाच यांची बेरीज करा, त्यातून तीन वजा करा, आणि उत्तर अक्षरांत लिहा. सुलेखानं लिहिलं, दहा. दार उघडलं.

फॉर्म तिनं एकटीनं भरला. नाव, जन्मतारीख, शिक्षण, अपंगत्वाच्या दाखल्याचा नंबर. तो नंबर तिला पाठ होता. पाच वाजून सत्तावन्न मिनिटांनी मी तिच्यासमोर शेवटची ओळ ठेवली, आणि तो नाकातला आवाज म्हणाला, "आपला अर्ज स्वीकारला आहे." तिनं ती ओळ तीन वेळा ऐकली. मग उठली आणि भिंतीला हात लावत गल्लीत गेली, राजकुमारबरोबर टँकरचा पाइप धरायला.

दुसऱ्या दिवशी तिनं माझ्यावरूनच त्या साइटवाल्यांना पत्र लिहिलं. भांडण नाही, विनवणी नाही. तुमच्या दारावर आमच्यासाठी वाट आहे, पण ती त्रेचाळिसाव्या ओळीत आहे, ती पहिल्या ओळीत आणा, एवढंच. आणि खाली एक ओळ वाढवली, की आमच्या आईला तुमच्या नळाचा फोटो पटलेला नाही. दोन महिन्यांनी ती वाट खरोखर वर आली. आता दाराशी गेलं की सगळ्यात आधी ऐकू येतं, "चित्रे दिसत नसल्यास येथून या." पुढं तिची परीक्षा झाली, मुलाखत झाली, आणि दिवाळीआधी ती नोकरीवर रुजू झाली.

पहिल्या महिन्यातच तिच्या हातात एक फोन आला. बोलणारा. त्याच्यात रंगीत बसलेला आहे, आणि आता त्याला वाचाही फुटली आहे. ती बसमध्ये ऐकते, कामावर ऐकते, घरी येऊन खाटेवर पडल्या पडल्या ऐकते. मी टेबलाच्या कोपऱ्यात आहे. माझ्यावर झेरॉक्सचे कागद रचलेले असतात. दोन महिन्यांतून एकदा राजकुमार वीज चालू करून बघतो की हा अजून उठतोय का. मी उठतो. साल चुकीचं सांगतो, पण उठतो.

एकदा ती फोन घेऊन माझ्याजवळच बसली होती. तीच साइट, तेच दार. फोननं पहिली ओळ वाचली, तिनं बोट टेकवलं, बेरीज-वजाबाकी केली आणि आत गेली. जी वाट तिनं माझ्या नावानं मागून घेतली होती, त्या वाटेनं तो माझ्या डोळ्यांदेखत आत गेला. मला कसं झालं असेल ते तुम्हीच ओळखा.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणीतरी मोठं होऊन अशी दारं बांधील. पहारा जरूर ठेवा, चोर सगळीकडं आहेत. पण एक प्रश्न साध्या अक्षरांत ठेवा, आणि तो तळाशी लपवू नका. कुणी म्हणेल की आता अक्षरांचे ब्राउझर कुणी वापरत नाही, काढून टाका ती ओळ. तेव्हा माझ्याकडं बघून ठरवू नका. मी जळतो, पुढंही जळत राहीन, माझी ती खोड जायची नाही. त्या दारातून माझा वैरी माझ्याआधी शंभरदा आत जाऊ दे. त्याच्याबरोबर सुलेखा आत जाते.